विणकर आणि कोळी : अराक्नीच्या पटाचे वाचन

मराठी समीक्षेच्या नित्य वापरातील कितीतरी शब्द मागावरून उतरलेले आहेत. कथेची 'वीण' घट्ट असते किंवा सैल असते, कवितेला 'पोत' असतो, आशयाला अनेक 'पदर' असतात, कथानकाचे 'सूत्र' सांभाळले जाते किंवा हातून सुटते, व्यक्तिरेखांच्या परस्परसंबंधांत 'ताणेबाणे' असतात आणि मोठ्या कादंबरीचा 'पट' विस्तीर्ण असतो. असे असूनही या शब्दांमागील रूपकाची चिकित्सा आपल्याकडे फारशी झालेली नाही. याचे एक कारण परिभाषेतच सापडते. ज्या 'टेक्स्ट' या संज्ञेचे मूळ लॅटिनमधील 'विणणे' या क्रियापदात आहे, तिच्यासाठी मराठीने स्वीकारलेला 'संहिता' हा शब्द विणकामातला नव्हे. संहिता म्हणजे एकत्र ठेवलेले, सांधलेले. त्यामुळे पाश्चात्त्य समीक्षेत ज्या रूपकावर सिद्धान्त उभे राहिले, ते मराठीत केवळ विशेषणांच्या आणि वाक्प्रयोगांच्या पातळीवर वावरत राहिले. 'घट्ट वीण' हा गौरवाचा शब्द ठरला. पण ती कोणी विणली, कोणाच्या सुताने विणली, कोणत्या मागावर विणली, असे प्रश्न त्या शब्दाने कधी उपस्थित केले नाहीत.

हे प्रश्न ज्या कथेत फार पूर्वीच उपस्थित झालेले आहेत, ती कथा म्हणजे ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस' या काव्याच्या सहाव्या सर्गातील अराक्नीची कथा. विणलेल्या चित्रपटांच्या दोन सविस्तर वर्णनांवर ती उभी आहे. ही दोन्ही वस्त्रे अर्थातच शब्दांतली आहेत. परंतु त्यांतील एका वस्त्राचा विषय, म्हणजे देवांचे प्रणय, पुढे युरोपातील मागांवर खरोखर विणला गेला आणि ते पट संग्रहालयांतून आज पाहावयास मिळतात. काव्यातला पट आणि मागावरचा पट शेजारी ठेवले की अराक्नीची कथा एरवी दिसते त्याहून वेगळी दिसू लागते. मर्त्य स्त्रीचे कोळ्यात रूपांतर होणे ही त्या कथेतील शिक्षा आहे, हे सर्वपरिचितच आहे. प्रश्न असा आहे की, साहित्यविचाराने ही शिक्षा कथेतच राहू दिली, की आपल्या परीने ती पुनःपुन्हा अमलात आणली?

प्रथम तंत्राविषयी थोडे सांगावयास हवे, कारण त्याविना पुढील विवेचनाला आधार राहणार नाही. इंग्रजीत ज्याला टॅपेस्ट्री म्हणतात तो भित्तिपट म्हणजे भरतकाम नव्हे. भरतकामात कापड आधी तयार असते आणि त्यावर सुईने चित्र काढले जाते. (बायो येथील सुप्रसिद्ध 'टॅपेस्ट्री' या अर्थाने टॅपेस्ट्रीच नाही, ते तागाच्या कापडावरील लोकरीचे भरतकाम आहे.) खऱ्या भित्तिपटात बाण्याचा रंगीत धागा वस्त्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. ज्या भागात त्या रंगाचे काम असेल तेवढ्याच ताण्यांतून तो जातो आणि परत फिरतो. शेजारच्या रंगाचा धागा दुसऱ्या कांडीवर असतो. साहजिकच चित्र वस्त्राच्या 'वर' नसते, चित्र हेच वस्त्र असते. चित्र उसवले तर खाली कापड उरत नाही. मराठी वाचकाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही, कारण पैठणीचा पदर आणि काठ याच पद्धतीने विणले जातात. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या अभिन्नतेविषयी आपण जे पानेच्या पाने लिहितो, त्याचे इतके ठोस उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

ऑव्हिडला हे तंत्र ठाऊक होते असे मानावयास जागा आहे. स्पर्धा सुरू होताच तो लगेच चित्रांकडे वळत नाही. आधी माग उभा राहतो, ताणा ताणला जातो, फणी धाग्यांना वेगळे करते, धोट्याने बाणा आत जातो आणि दात्यांनी तो ठोकून बसवला जातो. दोघींनी वस्त्रे छातीशी आवळून घेतली आहेत, हात सराईतपणे चालत आहेत, कामाच्या ओढीत श्रम जाणवेनासे झाले आहेत. त्यानंतर रंगांविषयी एक उपमा येते. पावसानंतरच्या इंद्रधनुष्यात एक रंग कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे डोळ्यांना कळत नाही, तरीही दोन टोकांचे रंग पूर्णतः भिन्न असतात. वस्त्रांतील छटाही तशाच. विणकराच्या दृष्टीने ही उपमा केवळ अलंकार नाही. जवळजवळच्या छटांचे धागे एकमेकांत शिरवून उतार साधणे हीच या कलेतील सर्वांत अवघड गोष्ट असते.

त्याही आधी, कथेच्या आरंभी, दोन तपशील येतात आणि त्यांच्याकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष जात नाही. पहिला असा की, अराक्नी कुलाने किंवा गावाने मोठी नव्हती. तिचा बाप कोलोफोनचा इड्मन हा लोकर जांभळ्या रंगात बुडवणारा रंगारी होता. आई सामान्य घरातली होती आणि ती वारली होती. दुसरा तपशील असा की, डोंगरातल्या आणि नदीतल्या अप्सरा तिच्याकडे येत त्या केवळ तयार वस्त्रे पाहावयास नव्हे. ती वस्त्रे होत असताना पाहणे हाही त्यांचा आनंद होता. लोकरीचा ओबडधोबड गोळा बोटांखाली मऊ होणे, सूत लांबत जाणे, अंगठ्याने चाती फिरणे हे सारे त्या पाहत. म्हणजे अराक्नीची कला ऑव्हिडने एका व्यवसायात, एका घरात, रंगाच्या कुंडाशेजारी आणि पाहणाऱ्यांच्या घोळक्यात वसवली आहे. शेवटी तिच्याकडून हिरावून घेतले जाते ते हेच सारे.

आता दोन पट. मिनर्व्हा, म्हणजे ग्रीकांची अथेना, आपल्या पटाच्या मध्यभागी अथेन्स नगरीच्या नावासाठी झालेला वाद विणते. बारा देव उच्चासनांवर बसले आहेत, मध्ये जुपिटर आहे. नेपच्यून त्रिशूळाने खडक फोडून पाणी काढतो, मिनर्व्हा भाल्याच्या टोकाने ऑलिव्हचे झाड उगवते आणि जिंकते. चार कोपऱ्यांत चार लहान चित्रे आहेत. त्या प्रत्येकात देवांशी बरोबरी करणाऱ्या मर्त्यांना झालेली शिक्षा दाखवली आहे : कोणी पर्वत झाले, कोणी करकोचा, कोणी देवळाच्या पायऱ्या. सभोवार ऑलिव्हच्या पानांचा काठ आहे. केंद्र, कोपरे आणि चौकट यांची ही रचना अत्यंत प्रमाणबद्ध आहे आणि तिच्यात प्रेक्षकाने कोठे पाहावे हे आधीच ठरलेले आहे. चार कोपरे ही अराक्नीसाठी दिलेली सूचना आहे, असे ऑव्हिड उघडच म्हणतो.

अराक्नीच्या पटाला केंद्र नाही. बैलाच्या रूपातील जुपिटरने पळवलेली यूरोपा पहिली येते. ती मागे सुटलेल्या किनाऱ्याकडे पाहत मैत्रिणींना हाका मारीत आहे, लाटेच्या भयाने तिने पाय वर ओढून घेतले आहेत. नंतर गरुडाच्या पकडीतली अस्तेरी, हंसाच्या पंखांखालची लीडा, सोन्याच्या रूपाने फसवली गेलेली डॅनाई. जुपिटरची एकूण नऊ रूपे. मग नेपच्यूनची सहा, अपोलोची चार, बॅकसचे एक, सॅटर्नचे एक. एकवीस प्रसंग एकापाठोपाठ येतात आणि कोणताच प्रसंग दुसऱ्याला गौण ठरवीत नाही. काठ आहे, पण तोही फुले आणि वेढे घेणारी आयव्हीची वेल यांचा, जणू तोही विणण्याचीच क्रिया चालू ठेवणारा.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या आकृतीसाठी संवादलय, विरोधलय आणि समतोललय अशी जी तत्त्वे मांडली, ती या दोन पटांना लावून पाहिली तर काय होते, हे तपासण्यासारखे आहे. मिनर्व्हाचा पट या कसोटीला सहज उतरतो. नव्हे, तो कसोटीसाठीच विणल्यासारखा वाटतो. अराक्नीच्या पटात संवादलय आहे, पण ती इतकी एकसुरी आहे की तिला आकृती म्हणावी की यादी, असा प्रश्न पडतो. देव, रूप, स्त्री; देव, रूप, स्त्री. तोल सावरणारे विरुद्ध टोक येतच नाही. केवळ रूपवादी कसोटी वापरणारा टीकाकार येथे मिनर्व्हाला झुकते माप देईल. ऑव्हिडच्या काव्यात मात्र खुद्द मिनर्व्हाला, किंबहुना साक्षात असूयेलाही, त्या पटात दोष काढता येत नाही. याचा अर्थ असा घ्यावा लागतो की, पुनरावृत्ती हाच त्या पटाचा घाट आहे. एक यूरोपा ही एक कथा असते. एकवीस स्त्रिया एका पटावर आल्या की तो आरोप होतो. आणि ऑव्हिडने वापरलेला शब्दही देवांच्या 'अपराधां'चाच आहे. मिनर्व्हाचा राग विषयावर आहे की यशावर, हा जुना वाद आहे. पण पटाचे यश आणि त्याचा आरोप हे येथे वेगळे काढता येत नाहीत, त्यामुळे तो वाद फारसा फलदायी नाही.

विषय तोच ठेवला आणि मांडणी, मालक व भिंत बदलली तर काय होते, याचे उदाहरण फ्रान्समध्ये मिळते. १६६४ मध्ये कोलबेरच्या प्रोत्साहनाने बोव्हे येथे भित्तिपटांचा कारखाना निघाला. १७३४ मध्ये चित्रकार झां-बाप्तिस्त ऊद्री त्याचा संचालक झाला आणि त्याने फ्रान्स्वा बूशे याला पटांसाठी चित्रे करावयास बोलावले. बूशेने बोव्हेसाठी केलेल्या सहा मालिकांपैकी चौथी, १७४९ पासून मागावर आलेली, 'देवांचे प्रणय' ही होती. तिच्यात यूरोपा आहे, नेपच्यून आणि अमीमोनी आहेत, प्रोसर्पिनाचे हरण आहे, ओरिथियाला उचलून नेणारा वारा बोरियस आहे, बॅकस आणि अरिआड्नी आहेत. ही यादी अराक्नीच्या यादीशी ठिकठिकाणी जुळते आणि तंत्रही मुळात तेच आहे. तरीही या पटांना आरोप म्हणावे असे कोणाच्या मनात येणार नाही. बूशेच्या १७४७ च्या चित्रातली यूरोपा फुलांच्या माळा घातलेल्या, शांत बसलेल्या बैलावर निवांत बसली आहे. भोवती सख्या आहेत, वर गुबगुबीत बालमदन उडत आहेत. समुद्र अजून ओलांडावयाचा आहे आणि तो ओलांडला जाईल याची कोणाला चिंता दिसत नाही. पटातील यूरोपाही याच वळणाची आहे. ऑव्हिडच्या अराक्नीने ज्या क्षणी चित्र धरले, तो पाय वर ओढून घेण्याचा क्षण, नेमका येथे टाळला आहे. शिवाय प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र पट मिळाल्यामुळे पुनरावृत्तीची धारही गेली. गिऱ्हाइकाला हवे तेवढे प्रसंग निवडता येत आणि दालनाच्या भिंतींच्या मापाने पटांची रुंदी कमीजास्त करून घेता येई. अराक्नीच्या पटात एकमेकींच्या साक्षीदार असलेल्या स्त्रिया अशा रीतीने वेगवेगळ्या भिंतींवर गेल्या.

येथे बूशेला दोष देण्याचा हेतू नाही. त्याचे पट देखणे आहेत आणि अठराव्या शतकाच्या सुखवस्तू दालनात त्यांनी जे करावयाचे ते ते उत्तम करतात. मुद्दा असा की, 'विषय' म्हणून ज्याची नोंद सूचीत होते त्यात अर्थ मावत नाही. आशयसूत्रांची यादी करून कलाकृतींची कुळे ठरवणाऱ्या अभ्यासपद्धतीला, आणि विद्यापीठीय प्रबंधांत ती आजही सर्वांत सोयीची पद्धत आहे, हे दोन पट एकाच कप्प्यात ठेवावे लागतील.

बोव्हेच्या पटांवर नावे विणलेली आढळतात. बूशेचे नाव असते आणि 'बेनिए व ऊद्री' हे कारखाना चालवणाऱ्यांचे नाव असते. १७५४ नंतर शारों याचे. मागावर बसलेल्यांचे नाव नसते. ही पद्धत जुनी होती. १५२८ पासून ब्रुसेल्समध्ये प्रत्येक पटावर शहराची खूण घालण्याची सक्ती होती आणि कारखानदाराची खूणही घातली जाई. पण कारखानदार म्हणजे विणकर नव्हे. लिओ दहावा या पोपसाठी ब्रुसेल्स येथे पीटर व्हान आल्स्टच्या कारखान्यात विणले गेलेले आणि १५१९ मध्ये सिस्टाइन चॅपेलमध्ये प्रथम लावलेले पट आज सर्वत्र 'राफाएलचे पट' म्हणून ओळखले जातात. राफाएलने कागदावर आराखडे केले होते. विणकरांनी ते उभ्या पट्ट्यांत कापून मागाखाली ठेवले.

बोव्हेचे मागही असेच आडवे होते. ताण्याखाली आराखड्याची पट्टी ठेवलेली असे आणि विणकर वरून, म्हणजे पटाच्या पाठीकडून विणत असे. चित्राचा दर्शनी भाग खाली, त्याच्या नजरेआड राही. आराखड्याच्या तुलनेत विणलेले चित्र डावे-उजवे उलटे होई. महिनोन्महिने जे वस्त्र आपण विणतो आहोत त्याचा चेहरा ते मागावरून उतरेपर्यंत पूर्णपणे पाहता न येणे, ही विणकराची नित्याची स्थिती होती. सर्व्हांटिसने 'दोन किहोते'च्या १६१५ मधील दुसऱ्या भागात भाषांतराला फ्लँडर्सच्या पटाच्या मागच्या बाजूची उपमा दिली आहे : आकृती दिसतात, पण लोंबणाऱ्या धाग्यांनी झाकोळलेल्या. ही उपमा दर्शनी बाजूने पाहणाऱ्याची आहे. विणकराला विचारले असते तर पाठीची बाजू म्हणजे बिघडलेली प्रत नव्हे, तीच कामाची जागा आहे, असे त्याने सांगितले असते. अस्सल पैठणीची पारख करणारेही पदर आधी उलटून पाहतात.

पाठीला आणखी एक महत्त्व आहे. ऊद्रीचा आग्रह होता की पटाने चित्राचे रंग हुबेहूब उतरवावेत. गोबलां येथील कारखानाप्रमुखांनी त्याला विरोध केला. चित्राचे रंगकाम वेगळे आणि पटाचे रंगकाम वेगळे, अशी त्यांची भूमिका होती. अखेर चित्रकाराचेच म्हणणे प्रभावी ठरले. हुबेहूब छटा साधण्यासाठी नाजूक रंगांची संख्या वाढत गेली आणि त्यांतले पुष्कळ रंग उजेडात टिकणारे नव्हते. गुलाबी त्वचा पांढुरकी झाली, पिवळा उडून गेल्यामुळे हिरवी झाडे निळी दिसू लागली. मूळ रंग पाहावयाचा तर आज पट उलटावा लागतो, कारण पाठीला ऊन लागलेले नसते. हा निव्वळ योगायोग नव्हे; विणकराच्या ज्ञानाला चित्रकाराच्या मताखाली ठेवल्याचा हा परिणाम आहे. इड्मन रंगाऱ्याच्या मुलीला ही चूक करावी लागली नसती.

कथेच्या शेवटाकडे वळताना या पार्श्वभूमीचा उपयोग होतो. मिनर्व्हा पट फाडते, हातातल्या धोट्याने अराक्नीच्या कपाळावर तीनचार वेळा मारते, अराक्नी गळफास लावून घेते, देवी तिला लटकतच ठेवते आणि औषधीचा रस शिंपडून तिचा कोळी करते. तिचे केस, नाक, कान गळतात, डोके लहान होते, अंगाला लांब बोटे चिकटतात, बाकी सारे पोट. त्या पोटातून ती सूत काढते आणि पूर्वीचेच जाळे विणीत राहते. शिक्षेचा हा तपशील नीट पाहिला पाहिजे. तिच्याकडून कला काढून घेतलेली नाही. काढून घेतले आहे ते कलेचे सारे बाह्य साहित्य. कोळ्याला लोकर लागत नाही, रंगारी लागत नाही, माग लागत नाही, अप्सरांचा घोळका लागत नाही आणि जाळ्यावर चित्र उमटत नाही. ती आता सांगू काहीच शकत नाही, केवळ विणू शकते.

नेमका हाच प्राणी साहित्यविचाराला प्रिय झालेला आहे. १९७३ च्या 'संहितेचा आनंद' या अर्थाच्या आपल्या छोट्या पुस्तकात रोलां बार्त यांनी संहितेला वस्त्र मानले. मात्र हे वस्त्र सत्य झाकणारा पडदा नसून सतत विणले जाणारे आहे आणि त्यात 'मी' असा विरघळतो, जसा आपल्याच स्रावात विरघळून जाणारा कोळी, असे त्यांनी म्हटले. आपल्याकडील प्राचीन विचारातही कोळी आहे. मुंडकोपनिषदातील ऊर्णनाभ आपल्यातून तंतू बाहेर सोडतो आणि परत आत घेतो. अक्षरापासून विश्व तसेच उत्पन्न होते. एकीकडे कर्ता विरघळतो, दुसरीकडे तो सर्वसमर्थ आहे. तत्त्वदृष्ट्या ही दोन टोके आहेत. पण दोन्ही ठिकाणी सूत पोटातूनच येते. बाहेरून काही आणावे लागत नाही, कोणाचे ऋण राहत नाही. संस्कृतात 'तन्तुवाय' हा एकच शब्द विणकराला आणि कोळ्यालाही चालतो, ही गोष्ट कोशापुरती निरुपद्रवी असली तरी सिद्धान्तात ती निरुपद्रवी राहत नाही. मागाचे उल्लेख ऋग्वेदातही आहेत. दहाव्या मंडलातील एका सूक्तात यज्ञच ताणून विणला जाताना दिसतो आणि तेथे विणणारे पितर समोर बसलेले आहेत. उपनिषदातल्या कोळ्याशेजारी कोणी बसलेले नाही.

बार्त यांच्या कोळ्याविषयी स्त्रीवादी समीक्षेने आक्षेप घेतला तो योग्य होता. नॅन्सी के. मिलर यांनी १९८६ च्या निबंधात दाखवून दिले की, वस्त्राच्या गौरवात विणणारी स्त्री हरवते. अराक्नीला परत वाचावयाचे तर वस्त्रातील तिची सही शोधावी लागेल. त्यापूर्वी फिलोमेलाच्या कथेसंबंधीही असाच वाद झाला होता. ती कथा अराक्नीच्याच सर्गात येते : जीभ कापली गेलेली फिलोमेला पांढऱ्या ताण्यावर जांभळ्या खुणा विणते, वस्त्र बहिणीकडे पाठवते, बहीण ते उलगडते आणि न बोलता वाचते. सोफोक्लीझच्या लुप्त नाटकातील 'धोट्याचा आवाज' हे शब्द ॲरिस्टॉटलमुळे टिकले आहेत. जेफ्री हार्टमन यांनी त्यांतून काव्यभाषेचे तत्त्व काढले, तर पॅट्रिशिया जॉप्लिन यांनी १९८४ मध्ये विचारले की या आवाजात अत्याचारित स्त्रीचा आवाज का ऐकू येऊ नये.

ही दुरुस्ती आवश्यक होती, परंतु पुरेशी नाही. सही शोधणारी वाचनपद्धती शेवटी एका कर्त्याच्या जागी दुसरा कर्ता बसवते. बोव्हेच्या पटात शोधावी अशी सही नाहीच. तेथे अनेक हात आहेत, आणि त्या हातांनी चित्रकाराचा आराखडा विणला म्हणून त्यांचे काम 'अनुकरण' या सदरात टाकून देता येत नाही, हे रंगांच्या वादाने स्पष्ट केलेले आहे. अराक्नीसुद्धा एकटी नव्हती. तिचा जांभळा रंग बापाच्या कुंडातून आला होता. वस्त्राचे रूपक वापरावयाचे तर त्यातील कोळी बाजूला ठेवून विणकराचे सारे व्यवहार त्यात आणावे लागतील : सूत कोठून आले, आराखडा कोणाचा, कोणत्या बाजूने विणले, कोणत्या भिंतीसाठी विणले. साहित्यकृतीच्या बाबतीत हे प्रश्न भाषा, परंपरा, मुद्रण आणि वाचकवर्ग यांचे होतात. 'घट्ट वीण' या शब्दाला तेव्हा काही अर्थ येईल. सध्या तो बहुधा समीक्षकाला कृती आवडली एवढेच सांगतो.

या दृष्टीने माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील वेलास्केझच्या एका चित्राच्या वाचनाचा इतिहास बोधक आहे. साधारण १६५५ ते १६६० या काळातील हे चित्र दीर्घकाळ 'सूत कातणाऱ्या' या नावाने ओळखले जाई. पुढच्या भागात पाच स्त्रिया कामात आहेत. मागे, काही पायऱ्या चढून गेल्यावर, उजळलेल्या कोनाड्यात काही स्त्रिया उभ्या आहेत आणि भिंतीवर पट टांगला आहे. माद्रिदच्या सांता इसाबेल येथील पटांच्या कारखान्याचे हे वास्तवचित्र, असा समज होता. १९४८ मध्ये दिएगो आंगुलो इन्यीगेझ यांनी कोनाड्यातील शिरस्त्राणधारी आकृती मिनर्व्हाची असल्याचे दाखवून चित्राचा विषय अराक्नीची कथा हा असल्याचे मांडले. त्याच वर्षी मारिया लुइसा कातुर्ला यांनी प्रकाशित केलेल्या पेद्रो दे आर्से यांच्या १६६४ च्या मालमत्तेच्या यादीत वेलास्केझच्या 'अराक्नीच्या कथे'ची नोंदही मिळाली. भिंतीवरचा पट म्हणजे तिशियनने फिलिप दुसरा याच्यासाठी १५५९ ते १५६२ या काळात केलेली 'यूरोपा' आहे. ते चित्र तेव्हा स्पेनच्या राजसंग्रहात होते, १६२८-२९ मध्ये माद्रिदला आलेल्या रुबेन्सने त्याची नक्कलही केली होती; आज मूळ चित्र बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयात आहे. अराक्नीच्या पटातील पहिला प्रसंग यूरोपाचाच असल्यामुळे हा धागा अचूक जुळतो.

या शोधाने चित्राचे वाचन समृद्ध झाले, यात शंका नाही. पण त्यानंतरच्या विवेचनांत पुढच्या स्त्रिया झपाट्याने रूपके होऊ लागल्या. चाकाशी बसलेली वृद्धा म्हणजे वेषांतर केलेली मिनर्व्हा आणि पाठमोरी तरुणी म्हणजे अराक्नी, असे काहींनी सुचवले. इतरांनी हस्तकलेवर ललितकलेने मिळवलेल्या विजयाचे चित्र त्यात पाहिले. आधीच्या वाचकांना श्रम दिसत होता आणि कथा दिसत नव्हती. नंतरच्यांना कथा दिसली आणि श्रम तिच्या पायरीइतका उरला. वेलास्केझने मात्र चाक इतक्या वेगाने फिरत असलेले रंगवले आहे की त्याचे आरे दिसत नाहीत, आणि रंगाचा हा पराक्रम त्याने कोनाड्यातल्या देवीसाठी न वापरता पुढच्या चाकासाठी वापरला आहे. प्रादोने आज चित्राला दोन्ही नावे दिली आहेत, हे ठीकच. त्याच्यापुढे उभे राहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही ते असे की, पुढे पिंजणे, कातणे, लड्या गुंडाळणे चालू आहे, मागे विणून झालेला पट टांगलेला आहे, आणि विणणे मात्र चित्रात कोठेच नाही. सूत आणि पट यांच्या मध्ये पायऱ्या आहेत, माग नाही.